पुरे म्हणेपर्यंत

‘फॅमिली स्टाईल’ म्हणजे ‘पोरंबाळं घेऊन आलात तरी चालेल’ अशी आमची बरेच दिवस समजूत होती. न्यू जर्सीत राहायला आलो तेव्हा थोरली दीड वर्षाची होती. हॉटेल निवडताना चवीबिवीचा विचार केव्हाच मागे पडला होता. तिथे आधीपासूनच पुरेसा गोंगाट आहे ना, एवढंच बघायचं. घरापासून दहा मिनिटांवरच्या इटालियन हॉटेलात तो भरपूर होता आणि बाहेर पाटीही होती, फॅमिली स्टाईल. आम्ही निर्धास्तपणे आत शिरलो आणि एक पेन्ने म्हणजे नळ्यांचा पास्ता, एक चिकन पार्म म्हणजे तळलेल्या चिकनवर सॉस आणि चीज, अशा दोन ‘लार्ज’ मागवल्या. आल्या त्या पराती. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी कौतुकाने विचारलं, “बाकीची मंडळी कधी येणार?”

बाकीची मंडळी चिपळूणला होती. आम्ही चार दिवस पेन्ने खाल्लं.

तेव्हा कळलं की इथे प्रत्येकाची बशी वेगळी येत नाही. एकेक पदार्थ मोठ्या ताटात टेबलाच्या मधोमध येतो आणि ज्याचं त्याने वाढून घ्यायचं. लहान ताट दोघातिघांचं, मोठं चौघांपासून सहा जणांचं. गंमत म्हणजे खुद्द इटलीत हे असं जेवत नाहीत. तिथे आधी पास्ता येतो, तो संपला की मग मांस-मासळी. दोन्ही एका ताटात घातलेलं त्यांना खपत नाही. १८८० ते १९२० च्या दरम्यान सुमारे ४० लाख इटालियन माणसं अमेरिकेत आली, त्यातली बहुतेक दक्षिणेकडची, नेपल्स, कालाब्रिया, सिसिली अशा गरीब मुलखातली. तिकडे मटण सणावारी दिसायचं. इथे ते रोज परवडायला लागल्यावर मीटबॉलचे गोळे मोठे झाले, चीज वाढलं, ताटं रुंदावली. पिढ्यान्‌पिढ्यांची भूक त्या परातीत आहे, असं मला चिकन पार्मचा तो उशीएवढा तुकडा बघून नेहमी वाटतं.

न्यू जर्सीत या लोकांची पणतवंडं पावलोपावली भेटतात. त्यातले पुष्कळ जण टोमॅटोच्या सॉसला ‘ग्रेव्ही’ म्हणतात. रविवारी तासन्‌तास मंद आचेवर रटरटतो तो ‘संडे ग्रेव्ही’. मोझरेलाचा शेवटचा स्वर गिळून ‘मुट्झदेल’ म्हणतात. ग्रेव्ही हा शब्द ऐकल्यावर मला तरी एकदम मोकळं वाटलं. रश्शाला ग्रेव्ही म्हणणारी माणसं म्हणजे आपलीच की.

तर, गेल्या उन्हाळ्यात सासू-सासरे आले. तोवर थोरली सहा वर्षांची आणि धाकटा अडीचचा झाला होता, म्हणजे आमचा हॉटेलात जाण्याचा अनुभव दांडगा आणि हौस बेताची. आम्ही शनिवारी संध्याकाळी साडेपाचला निघालो.

“ही चहाची वेळ आहे,” आबा म्हणाले.

बरोबरच होतं. पण सात वाजता गेलं तर तासभर उभं राहावं लागतं, आणि भुकेलं अडीच वर्षांचं पोर घेऊन रांगेत उभं राहण्यापेक्षा मी चहाच्या वेळी जेवेन. बसल्या बसल्या मी सुऱ्या, काचेचे पेले, तिखटाची बाटली असं सगळं आबांच्या बाजूला सरकवलं. आबांना वाटलं हा मानाचा भाग असावा. टेबलावर पांढरा कागद अंथरलेला असतो आणि पेल्यात खडू ठेवलेले असतात. ज्याला हे सुचलं त्याचे पाय धरावेत. थोरलीने पाच मिनिटांत आजीचं चित्र काढलं, नाकात नथ आणि हातात मीटबॉल. धाकट्याने लाल खडू चावून पाहिला, आवडला नाही, खाली टाकला. मग काटा टाकला. मग दुसरा काटा. चौथ्या काट्याला आमचा वेटर, साठीचा, पांढऱ्या मिश्यांचा, न बोलता खिशातून एक प्लास्टिकचा चमचा काढून त्याच्या हातात देऊन गेला. घरी नातवंडं असणार.

आईंसाठी एगप्लांट पार्म मागवलं होतं. त्यांनी काट्याने वरचं चीज बाजूला सारून आत बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. “अगं, हे तर वांग्याचे काप!” काप करून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं वांगं. रव्याच्या जागी पावाचा चुरा, एवढाच फरक. वर ग्रेव्ही आणि चीज घालून भाजलंय, हे त्यांनी फार मनावर घेतलं नाही. “छान कुरकुरीत असताना त्याच्यावर रस्सा कशाला ओतायचा?” एवढं मात्र म्हणाल्या. मला अजून याचं उत्तर सापडलेलं नाही.

धाकटा लाल काहीही खात नाही. त्याला पांढरा पास्ता लागतो, नुसतं लोणी आणि चीज. मला याची जरा लाज वाटायची. एवढ्या दूर येऊन पोराला काय, तर लोणी लावलेल्या शेवया. पण इटलीतही लहान मुलांना, आजाऱ्यांना हेच देतात, ‘पास्ता इन बियांको’ म्हणून. आणि ज्या अल्फ्रेडोच्या नावावर अमेरिकेत साय ओतून ओतून पास्ता विकतात, तो रोममधला अल्फ्रेडो दि लेलिओ. १९०८ साली बायको बाळंत झाली, तिला अन्न जाईना, म्हणून त्याने भरपूर लोणी आणि पार्मेझान चीज घालून फेत्तुचिनी, म्हणजे पास्त्याच्या लांब पट्ट्या, कालवून दिल्या, अशी त्या घराण्याची गोष्ट आहे. पुढे १९२७ मध्ये हॉलिवूडच्या मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स या जोडप्याने त्याला सोन्याचा काटा-चमचा भेट दिला आणि त्याचं नाव जगभर झालं. मूळ पदार्थात साय नव्हतीच.

ही गोष्ट मी आईंना सांगितली. सोन्याच्या काट्याकडे त्यांनी साफ दुर्लक्ष केलं. “म्हणजे बाळंतिणीचा तूप-मेतकूट भात,” त्या म्हणाल्या, “नवऱ्याने केला म्हणून एवढं नाव झालं.”

आता चीजची गोष्ट. पास्ता वाढून झाला की वेटर हातात फिरकीची किसणी घेऊन येतो, ताटावर धरतो आणि म्हणतो, ‘से व्हेन’. म्हणजे पुरे झालं की सांगा. तोपर्यंत तो हँडल फिरवत राहतो. बायका दोन फेऱ्यांत थांबवतात, माझा नवरा सहा घेतो.

वेटर प्रथम आबांकडे आला. आबांचं सगळं आयुष्य पंगतीत गेलं. पंगतीत वाढणारा आला की पहिल्यांदा ‘नको नको’ म्हणायचं, दुसऱ्यांदा ‘पुरे’, तिसऱ्यांदा ताटावर आडवा हात धरायचा आणि तरीही त्या हाताच्या फटीतून जिलबी पडते, ती खायची. हा व्यवहार दोन्ही बाजूंना पाठ असतो. किसणीतून दोन कण पडले न पडले तोच आबांनी हसतमुखाने हात हलवला, “नो नो, इनफ.”

वेटर थांबला. “परफेक्ट, सर,” म्हणाला आणि पुढे गेला.

आबा हात तसाच हवेत धरून बसले होते. आधी त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग वेटरच्या पाठीकडे. माणूस काही आजारीबिजारी आहे का, अशा काळजीने. “एकदासुद्धा म्हणाला नाही हो,” ते हळूच आईंना म्हणाले. मला हसू आवरेना आणि वाईटही वाटलं. आग्रह हा काही चीजसाठी नसतो.

तेवढ्यात तो धाकट्यापाशी पोचला. “से व्हेन, बडी.” धाकट्याला शब्द कळला नसावा, किंवा चांगलाच कळला असावा. तो तोंड उघडं टाकून वर बघत राहिला. हँडल फिरतंय, पांढरा भुगा पडतोय, पास्त्याचा डोंगर झाला, डोंगरावर बर्फ पडला, बर्फ कडेने कागदावर ओघळला. मी “बास, बास” म्हणते आहे, पण वेटर माझ्याकडे बघतच नाही. ज्याचं ताट त्याने सांगायचं, असा त्याचा कायदा. त्याची मिशी थरथरत होती. शेवटी थोरलीने भावाच्या वतीने किंचाळून “व्हेन!” म्हटलं. शेजारच्या दोन टेबलांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी एक चमचा उचलला, नातवाच्या डोंगराचं शिखर अलगद कापलं आणि आपल्या ताटात घेतलं.

बिल आलं, उरलेल्याचे पाच डबे बांधले, टेबलाखालून तीन काटे आणि एक बूट काढला. वीस टक्के टिप ठेवताना एरवी मी थोडी कुरकुरते, त्या दिवशी वर पाच डॉलर ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी साधा वरण-भात होता. आईंनी तुपाची वाटी थोरलीच्या हातात दिली, आबांना वाढ म्हणून. ती चमचा भातावर धरून गंभीरपणे उभी राहिली. “आबा, से व्हेन.” एक धार पडली. आबा सवयीने म्हणाले, “पुरे पुरे.” तिने लगेच चमचा उचलला आणि वळली.

“ए,” आबा म्हणाले, “इकडे ये. पुन्हा विचार.”