खंबाटकीत गाडीने मान टाकली
आज साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट चढायला लागलो आणि गाडीचा दमच गेला राव, ॲक्सिलरेटर पार तळाला दाबलाय तरी आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा 2500 च्या वर जाईना, मागून ट्रकवाल्यांचे हॉर्नवर हॉर्न, पिवळा इंजिन लाईट पेटलेला आणि बॉनेटमधून सूंऽऽ असा हवा सुटल्याचा आवाज. बायको म्हणे एसी बंद कर, केला, काय फरक नाय. रांगत रांगत वर काढली एकदाची.

सुरूर फाट्याजवळ एका मेकॅनिकने टर्बोचा पाइप नुसता हाताने हलवून बघितला, क्लॅम्प सैल होऊन निसटलेला! टर्बोने दाबलेली हवा इंजिनात पोचायच्या आधीच बाहेर, मग गाडीतला कॉम्प्युटर डिझेल कमी करतो, लिम्प मोड म्हणतात तो हाच. आणि सर्व्हिस सेंटरवाले इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) बदला म्हणून मागे लागलेले! ह्या दादाने शंभर रुपये घेतले, वर चहा पाजला.