श्रद्धा गेल्यानंतर चर्च सोडताना

मी वसईचा कॅथलिक; जन्माने, संस्कारांनी आणि अलीकडेपर्यंत कागदोपत्रीही. गेली काही वर्षे नोकरीनिमित्त जर्मनीत, कोलोन शहरात राहतो, आणि तिथल्या न्यायालयात जाऊन मी रोमन कॅथलिक चर्चमधून रीतसर बाहेर पडलो. श्रद्धा त्याच्या कितीतरी आधी गेली होती. ती जाणे आणि तशी नोंद होणे यांच्यामध्ये बराच काळ गेला, आणि त्या काळात जे निस्तरावे लागले त्यात देवाशी संबंधित असे फारच थोडे होते.

आमच्या घरी रात्रीच्या जेवणाआधी जपमाळ होत असे. शाळेत असताना मी वेदीसेवक होतो आणि कॉलेजच्या दिवसांत रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेनंतर, लहान मुलांना धर्मशिक्षण देत असे. वडील गेल्यामुळे माझी श्रद्धा डळमळली, असा आमच्या नात्यातल्या बहुतेकांचा समज आहे आणि तो खोडून काढणे मला जमलेले नाही. प्रत्यक्षात वडील गेले तेव्हा माझी श्रद्धा शाबूत होती आणि त्या दिवसांत तिचा मोठा आधारही झाला. सुरुवात झाली ती अगदी कोरड्या जागी. नाताळच्या नाटकासाठी बायबलमधल्या मत्तय आणि लूक या दोघांनी लिहिलेल्या येशूच्या जन्मकथा शेजारी ठेवून वाचताना लक्षात आले की मत्तयाच्या कथेतला हेरोद राजा इसवी सनापूर्वी ४ मध्ये मेला, तर लूकने सांगितलेली रोमन सुभेदार क्विरिनियाच्या काळातली नावनिशी, म्हणजे शिरगणती, इसवी सन ६ मध्ये झाली. एका अभ्यासू फादरांना विचारले, तेव्हा त्यांनी मुळीच न चिडता सांगितले की या कथा इतिहास म्हणून लिहिलेल्या नाहीत आणि चर्चही त्या तशा वाचायला सांगत नाही. उत्तर प्रामाणिक होते. मात्र यातले काय घडले म्हणून मानायचे आणि काय अर्थ म्हणून मानायचे, हे एकदा विचारायला लागल्यावर मला कुठे थांबावे ते कळेना. रविवारच्या मिस्सात सगळे उभे राहून श्रद्धेची कबुली देतात, तिथे मी आधी एखादे वाक्य गाळू लागलो, मग दोन-तीन, आणि पुढे नुसता उभा राहू लागलो. एकांतातली प्रार्थना तर कधी बंद झाली हे मला नेमके सांगताही येणार नाही; ती बंद झाल्याचे ध्यानात आले तेव्हा तिची उणीवही भासत नव्हती, आणि मला वाटते, निर्णय झाला असेल तर तो तिथेच झाला.

वसईतच राहिलो असतो तर बाहेर पडण्याचा प्रश्न बहुधा उद्भवला नसता. आपल्याकडे एखादा मिस्साला येईनासा झाला तर तो आळसावला, शहरात जाऊन बिघडला किंवा त्याचे फादरांशी बिनसले, एवढेच म्हणतात. सरकार तर विचारतच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले आहे की कोणत्याही नागरिकावर धर्म जाहीर करण्याची सक्ती करता येत नाही आणि ‘मला धर्म नाही’ असे सांगण्याचा अधिकार सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यातच येतो. हा अधिकार महत्त्वाचा आहेच, पण त्याने चर्चच्या वहीतले नाव हलत नाही आणि आईच्या मनातले तर नाहीच नाही.

जर्मनीत हा प्रश्न पगारपत्रकावर छापून येतो. तिथे घर घेतल्यावर दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात राहण्याची नोंद करावी लागते आणि त्या अर्जात धर्माचा रकाना असतो. मी तिथे ‘रोमन कॅथलिक’ लिहिले, कारण भारतात असा रकाना आपण कोणत्या समाजातले आहोत हे सांगण्यासाठी भरायची सवय असते; आपण काय मानतो हा प्रश्न त्यात नसतो. शिक्षण संपून नोकरी लागली तेव्हा पगारातून चर्च टॅक्स कापला जाऊ लागला. हा कर आयकरावर आकारतात. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्यांत आयकराच्या ८ टक्के आणि इतर राज्यांत ९ टक्के. सरकारचे करखाते तो गोळा करते आणि आपले शुल्क कापून चर्चकडे देते. या व्यवस्थेला १९१९ च्या वायमार राज्यघटनेचा आधार आहे आणि ते कलम १९४९ च्या घटनेत जसेच्या तसे घेतले गेले. माझ्या पगारातून महिन्याला सुमारे सत्तर युरो जात होते. त्या पैशांतून रुग्णालये, बालवाड्या आणि वृद्धाश्रम चालवायलाही मदत होते, म्हणून मी बरेच दिवस स्वतःची समजूत घालत राहिलो. पण दर महिन्याला माझ्या नावापुढे श्रद्धेचे संक्षिप्त अक्षर छापून येई आणि ते खोटे आहे हे फक्त मला ठाऊक असे. त्याचा त्रास पैशांपेक्षा जास्त होता.

चर्चमधून बाहेर पडण्याचे निवेदन तिथे धर्मगुरूंकडे द्यायचे नसते. कुठे ते नोंदणी कार्यालयात द्यावे लागते. कोलोन ज्या राज्यात आहे तिथे ते स्थानिक न्यायालयात, स्वतः हजर राहून किंवा नोटरीकडून प्रमाणित करून द्यायचे असते. शुल्क ३० युरो. लैंगिक अत्याचारांची प्रकरणे बाहेर आल्यापासून कॅथलिक चर्च सोडणाऱ्यांची तिथे रीघ लागलेली होती. एकट्या २०२२ साली संपूर्ण जर्मनीत ५,२२,८२१ लोक कॅथलिक चर्चमधून बाहेर पडले. त्यामुळे तारीख मिळवण्यासाठी संकेतस्थळावर पाळत ठेवावी लागली. यातले पुष्कळसे जण संतापून बाहेर पडत होते आणि तो संताप रास्तही होता. माझ्याकडे तसा संताप नव्हता. मला लहानपणापासून भेटलेले बहुतेक धर्मगुरू भले होते आणि वसईतली झाडे, पाणी व शेती वाचवण्यासाठी लोकांबरोबर रस्त्यावर उतरलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याविषयी मला आजही आदर आहे. रागावून गेलेल्याला समजूत काढून परत आणता येते. ज्याची श्रद्धाच उरली नाही त्याच्याशी काय बोलायचे, हे कुणालाच सुचत नाही.

प्रत्यक्ष काम दहा-पंधरा मिनिटांचे होते. पासपोर्टवर जर्मनीतला पत्ता नसतो, म्हणून परदेशी माणसाला रहिवासाचा दाखलाही न्यावा लागतो. समोरच्या बाईंनी नाव, जन्मतारीख, पत्ता आणि बाप्तिस्मा कुठे झाला ते विचारले. गावाचे नाव त्यांना लिहिता येईना, तेव्हा मी ते कागदावर रोमन अक्षरांत लिहून दिले आणि त्यांनी एकेक अक्षर तपासत ते टंकले. कारण विचारले नाही. या निवेदनात कारण, अट किंवा शेरा लिहिण्याची मुभाच नसते. इतकी वर्षे मनात जुळवून ठेवलेली सगळी स्पष्टीकरणे तिथे निरुपयोगी होती. सही केली, प्रमाणपत्र घेतले. ते आयुष्यभर जपून ठेवा, असे त्यांनी बजावले, कारण पुढे कधी करखात्याने पुरावा मागितला तर तो आपणच द्यायचा असतो.

काही आठवड्यांनी मी राहत होतो त्या भागातल्या चर्चकडून पत्र आले. जर्मन बिशपांनी २०१२ साली काढलेल्या आदेशानुसार असे पत्र पाठवले जाते. त्याचा सूर सौम्य होता आणि भेटीचे निमंत्रणही होते, पण परिणाम स्वच्छ लिहिले होते: पापनिवेदन आणि ख्रिस्तप्रसाद (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर) बंद, मरणाचे संकट आल्याशिवाय रुग्णाभ्यंगही (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार) नाही, कोणाचा धर्मपिता (बाप्तिस्म्यात मुलाच्या पाठीशी उभा राहणारा) होता येणार नाही, आणि मरण्यापूर्वी पश्चात्तापाचे काही चिन्ह दिसले नाही तर चर्चचा अंत्यविधी नाकारला जाऊ शकतो. यातल्या बहुतेक गोष्टी मी स्वतःच सोडलेल्या होत्या. धर्मपित्याचा मुद्दा मात्र थेट घरात आला, कारण माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचा बाप्तिस्मा ठरत होता आणि धर्मपिता म्हणून माझे नाव गृहीत धरलेले होते. गप्प बसून उभा राहिलो असतो तर वसईत कुणाला पत्ताही लागला नसता. पण मुलीच्या वतीने सगळ्यांसमोर श्रद्धेची वचने द्यायची आणि त्यातले एकही आपण मानत नाही हे मनात ठेवायचे, हे मला करवेना. भावाला सांगितले तेव्हा त्याने देवाबद्दल अवाक्षर काढले नाही. “मग तिच्यामागे उभं कोण राहणार?” एवढेच त्याने विचारले, आणि नंतर बरेच दिवस त्याचा फोन आला नाही. शेवटी वहिनीचा भाऊ धर्मपिता झाला.

आईला हे फोनवर सांगायचे नाही असे मी ठरवले होते, म्हणून सुट्टीत घरी गेल्यावर सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “किती वाचतात रे महिन्याला?” मी आकडा सांगितला. तिने मनातल्या मनात रुपये केले, सहा हजारांच्या वर होतात हे कळल्यावर तिचा चेहरा निवळला आणि ती म्हणाली, “तिकडचे सरकारच असे वागत असेल तर माणूस काय करील. इकडे आलास की पापनिवेदन कर, देव बघून घेईल.” पैशांसाठी घेतलेला निर्णय तिला समजण्यासारखा होता, तो मोह होता, त्याची क्षमा होऊ शकत होती आणि मुलगा तिच्या देवाच्या अंगणातच राहत होता. हा अर्थ तसाच राहू द्यावा, असे मला फार वाटले. पण तो राहू दिला असता तर न्यायालयात जाऊन मी एका खोट्याच्या जागी दुसरे खोटे ठेवले असते. म्हणून दुसऱ्या दिवशी तिला सांगितले की कर नसता तरी मी आता श्रद्धावान नाही. ती रडली नाही, भांडलीही नाही. जपमाळेच्या वेळी मला हाक मारणे तिने त्या दिवसापासून बंद केले आणि मला वाटले होते त्यापेक्षा ते मला अधिक लागले.

त्याच सुट्टीत मी आमच्या धर्मग्रामाच्या फादरांना लेखी पत्र देऊन बाप्तिस्म्याच्या वहीत नोंद करण्याची विनंती केली. त्यांनी शांतपणे बसवून घेतले आणि वही काढून माझी नोंद दाखवली. समासात दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराचा, शेरा होता आणि लग्नाच्या शेऱ्यापुरती जागा कोरी होती. त्यांनी समजावले की बाप्तिस्मा खोडता येत नाही, कारण चर्चच्या मते त्याने आत्म्यावर उमटलेली मुद्रा पुसली जात नाही. चर्चच्या १९८३ च्या कायद्यात ‘औपचारिक कृतीने चर्च सोडलेला’ अशी एक वर्गवारी विवाहाच्या कलमांत होती. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ साली तीही काढून टाकली. म्हणजे चर्चच्या लेखी मी आजही कॅथलिकच, फक्त शिक्षेस पात्र असलेला. उद्या नोंदणी कार्यालयात लग्न केले तर चर्च ते वैध मानणार नाही, कारण चर्चच्या विवाहविधीचे बंधन माझ्यावर अजून आहे. फादरांनी पत्र ठेवून घेतले, बिशप हाऊसला विचारून शेरा मारता येतो का ते पाहतो म्हणाले, आणि निघताना आईची चौकशी केली. पुढे शेरा पडला की नाही ते मी विचारलेले नाही. कोरी जागा भरली काय नि राहिली काय, मला जे सांगायचे होते ते वही राखणाऱ्या माणसाला सांगून झाले होते.

बाहेरच्यांचे प्रश्न वेगळे होते. एका जुन्या वर्गमित्राने आनंदाने विचारले, “म्हणजे आता हिंदू झालास ना?” एका घरातून निघालेला माणूस दुसऱ्या घरात शिरलाच पाहिजे, हे आपल्याकडे इतके पक्के आहे की नुसते रस्त्यावर उभे राहणे कुणाला पटत नाही. माझ्या मामांचा आक्षेप मला अधिक गंभीर वाटला. ते म्हणाले, “महाराष्ट्रात आपण शंभरात एक. आपल्याविषयी आधीच संशयाने बोलले जाते. अशा वेळी तू बाहेर पडलास तर त्याचा उपयोग कोण करील, याचा विचार केलास का?” मी केला होता. म्हणूनच जिथे ख्रिस्ती समाजावर खोटे आरोप होतात तिथे मी आजही त्या समाजाच्या बाजूने बोलतो आणि माझे नाव-आडनाव बदलण्याचा विचारही केलेला नाही. पण समाजाची संख्या राखण्यासाठी मी श्रद्धेचे सोंग आणावे, ही मागणी मला मान्य नाही आणि मामांनीही ती तशा शब्दांत केली नाही.

शिवाय हे सगळे मला परवडले, हेही सांगायला हवे. कोलोनमध्ये ओळखीची एक परिचारिका आहे. तिचीही श्रद्धा उरलेली नाही, पण ती कॅथलिक संस्थेच्या रुग्णालयात काम करते. कर्मचाऱ्यांच्या खासगी आयुष्याबाबतचे नियम जर्मन बिशपांनी २०२२ साली बरेच सैल केले, तरी चर्च सोडणे ही गोष्ट अजूनही नोकरीच्या आड येते. ती दर महिन्याला कर भरते आणि गप्प बसते. माझा मालक मोटारींचे सुटे भाग बनवतो, त्याला माझ्या आत्म्याशी कर्तव्य नाही.

नाताळला घरी असलो की आईसोबत मी मध्यरात्रीच्या मिस्साला जातो. आमच्याकडे ख्रिस्तप्रसादासाठी बाके एकामागून एक रिकामी होतात, त्यामुळे बसून राहिलेला माणूस सगळ्यांना दिसतो. आई मला ओलांडून पुढे जाते आणि परतताना बाकाच्या दुसऱ्या टोकाने आत येते.

दफनाचा प्रश्न तेवढा अजून सुटलेला नाही. वडिलांची कबर चर्चच्या आवारात आहे आणि आईला आम्ही सगळे तिथेच हवे आहोत. मी वसईत मेलो तर काय करायचे हे त्या वेळच्या फादरांच्या मर्जीवर राहील, म्हणून मी भावाला लेखी कळवले आहे की जागा नाकारली तर वाद घालू नये, पालिकेच्या स्मशानभूमीत दहन करावे. ते पत्र त्याने आईला अजून दाखवलेले नाही.