विकीची देखभाल कोण करणार?

भाड्याच्या एका जागेत अनेकांनी टेबले मांडून आपापले काम करायचे आणि वीज, इंटरनेट, चहा यांचा खर्च वाटून घ्यायचा, ही ‘को-वर्किंग’ची पद्धत पुण्या-मुंबईत आता इतकी रुळली आहे की तिला कधी काळी कुणीतरी सुरुवात केली असेल, हे लक्षातही येत नाही. सुरुवात मात्र तारखेनिशी नोंदलेली आहे. ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रॅमरने ९ ऑगस्ट २००५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतील ‘स्पायरल म्यूज’ या घरात आठवड्यातून दोन दिवसांपुरती जागा सुरू केली. महिन्याला ३०० डॉलर भाडे कबूल करून त्याने घडीची टेबले मांडली, आणि पहिला महिनाभर तिथे कुणीही फिरकले नाही. वर्षभरात ती जागा बंद होऊन २००६ मध्ये ‘हॅट फॅक्टरी’ उभी राहिली, तिच्यापाठोपाठ ‘सिटिझन स्पेस’ आली, आणि याच मंडळींनी (त्यांत पुढे २००७ मध्ये ट्विटरवर हॅशटॅगची कल्पना मांडणारे ख्रिस मेसिनाही होते) आपले अनुभव एका खुल्या विकीवर, म्हणजे कुणालाही लिहिता आणि दुरुस्त करता येईल अशा संकेतस्थळावर, लिहायला घेतले.

या विकीबद्दल आणि त्याच्यासारख्या दुसऱ्या एका विकीबद्दल लिहायचे कारण असे की, कोथरूडमधल्या आमच्या छोट्या सामायिक जागेचा हिशेब माझ्याकडे असतो आणि गेली काही वर्षे मी या दोन्ही विकींचा उपयोग करत आलो आहे. अशा विकींना आधार द्यायचा म्हणजे नेमके काय करायचे, याविषयी माझे मत हळूहळू पक्के होत गेले आहे. नवीन पाने लिहिणारे लोक मिळतात. जुनी पाने सांभाळणारे मिळत नाहीत, आणि खरी गरज त्यांचीच आहे.

को-वर्किंगच्या विकीचा सर्वांत उपयोगी भाग दिसायला अगदी साधा होता. कोणत्या शहरात कोणती जागा आहे, आणि ‘को-वर्किंग व्हिसा’ कोणकोण मानते, याची ती यादी होती. एका जागेच्या सभासदाने दुसऱ्या गावी गेल्यावर तिथल्या जागेत ठरावीक दिवस विनामूल्य बसावे, असा हा व्हिसा. त्याला मध्यवर्ती कार्यालय नाही, बुकिंगची यंत्रणा नाही, करारही नाही. ज्या जागेला मान्य असेल तिने विकीवर स्वतःचे नाव आणि अटी लिहाव्यात, एवढ्यावर ती व्यवस्था चालली. हे ज्यांनी उभे केले त्यांच्यापैकी कुणाला त्याचे पैसे मिळाले नाहीत. अशा जागा भाड्याने देणारी ‘वीवर्क’सारखी कंपनी २०१० मध्ये निघाली, अब्जावधी डॉलरची झाली आणि २०२३ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात दिवाळखोरी संरक्षण मागायला गेली, पण जागा कशी चालवावी याचे खुले ज्ञान त्या पैशाच्या आधी जमले होते आणि त्या पैशावाचून जमले होते. मोठ्या कंपन्या आल्यावर झाले ते एवढेच की भाड्याचे आकडे, सभासद किती टिकतात, टेबलामागे खर्च किती येतो, ही माहिती गोपनीय किंवा सल्लागारांच्या फीची झाली. त्यामुळे छोट्या जागांना खुल्या लिखाणाची गरज पूर्वीपेक्षा आज अधिक आहे.

दुसरा विकी हॅकरस्पेसचा. हॅकरस्पेस म्हणजे यंत्रे, सोल्डरिंगची टेबले आणि सर्व्हर सामायिक ठेवणाऱ्या लोकांची सभासद-जागा. डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या हॅकरांच्या वार्षिक संमेलनात येन्स ओलिश आणि लार्स वायलर यांनी अशी जागा कशी उभारावी यावर एक व्याख्यान दिले आणि त्यात जर्मनीतील जुन्या जागांचा अनुभव ‘पॅटर्न’च्या रूपात मांडला: अडचण काय, आणि त्यावर टिकलेला तोडगा काय. वास्तुतज्ज्ञ ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांची ही मांडणीची रीत सॉफ्टवेअरवाल्यांनी आधीच उचललेली होती. किंबहुना वॉर्ड कनिंगहॅम यांनी मार्च १९९५ मध्ये जगातला पहिला विकी सुरू केला तोच मुळी प्रोग्रॅमरांचे पॅटर्न जमवण्यासाठी. त्यामुळे हे व्याख्यान विकीवर उतरले यात नवल नव्हते. न्यूयॉर्कची ‘एनवायसी रेझिस्टर’ आणि सॅन फ्रान्सिस्कोची ‘नॉइजब्रिज’ या जागा त्याच लाटेतल्या.

त्या पॅटर्नमधला मला सर्वांत आवडणारा मंगळवारचा. अडचण अशी की बैठक कोणत्या वारी ठेवायची यावर वाद होतात, कारण प्रत्येक वारी कुणाला ना कुणाला दुसरे काम असतेच. तोडगा एकच: मंगळवारी भेटा. मंगळवार का, याचे कारण दिलेले नाही, कारण ते नाहीच. वाद थांबावा म्हणून एक वार ठरवून टाकला आहे, एवढेच. आमच्याकडे वारांवरून चाललेली चर्चा हे पान वाचून दाखवल्यावर संपली. कुणी एक सभासद ‘मंगळवारी गणपतीला जायचे असते’ म्हणाला, त्यावर बैठक साडेसातला ठेवली. दुसरा पॅटर्न जागेत कुणालाही राहायला न देण्याविषयी आहे. वाचताना तो निष्ठुर वाटतो. परंतु एखादा गरजू मित्र ‘चार दिवस’ म्हणून गादी टाकतो, मग रात्री उशिरा काम करणाऱ्यांना त्याची झोप सांभाळावी लागते, आणि हळूहळू जागा त्याच्या घरासारखी होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या दोन ओळींचे मोल कळेल. अशी वाक्ये कुठल्याही सल्लागाराच्या अहवालात सापडत नाहीत, कारण ती लिहायला आधी कुणाला तरी अवघडून बसावे लागलेले असते.

आता देखभालीकडे येतो. हॅकरस्पेसच्या विकीवर प्रत्येक जागेच्या नोंदीत तिची स्थिती लिहिण्याची सोय आहे: नियोजित, चालू, बंद, आणि ‘बहुधा निष्क्रिय’. ही शेवटची स्थिती मला फार प्रामाणिक वाटते. उत्साहाच्या भरात नोंदवलेल्या आणि कधीच सुरू न झालेल्या जागा, सुरू होऊन गुपचूप मिटलेल्या जागा, संकेतस्थळ चालू पण दार बंद अशा जागा, यांनी कुठलीही यादी कालांतराने भरते. नोंद करणाऱ्याला हौस असते. नोंद काढणाऱ्याला नुसते काम असते. एखादी नोंद तपासायची म्हणजे तिचे संकेतस्थळ उघडायचे, सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपली आहे का पाहायचे, शेवटचा फोटो कोणत्या वर्षाचा आहे ते शोधायचे, दिलेल्या पत्त्यावर आज नकाशात काय दिसते ते बघायचे (अनेकदा तिथे कोचिंग क्लास किंवा दंतवैद्याचा दवाखाना निघतो), ईमेल पाठवून काही आठवडे थांबायचे आणि मगच स्थिती बदलायची. एका नोंदीला अर्धा तास सहज जातो आणि कौतुक करायला कुणी येत नाही. परक्या शहरात पाठीला पिशवी लावून एखादा माणूस त्या पत्त्यावर जाऊन कुलूप पाहत नाही, एवढाच याचा परिणाम, आणि तो कुणाला दिसतही नाही.

स्पॅमचे तसेच आहे. खुल्या विकीवर खाते उघडणे सोपे ठेवले तर जाहिरातींच्या दुव्यांची पाने तयार होतात, आणि अवघड केले तर खऱ्या माणसालाही दार बंद होते. यावर कायमचा इलाज नाही. ‘अलीकडील बदल’ हे पान रोज कुणीतरी डोळ्याखालून घालावे लागते. भाड्याने जागा मिळवून देणारे दलाल आपली यादी घुसवतात तेव्हा ती ओळखायला त्या शहराचा माणूसच लागतो.

पैशांचा मुद्दा मी थोडक्यात सांगतो. डोमेनचे नूतनीकरण, सर्व्हर आणि बॅकअप एवढाच बहुधा रोखीचा खर्च असतो, आणि तो एखाद्याच स्वयंसेवकाच्या खिशातून जात असेल तर ते धोक्याचे आहे, कारण तो माणूस कंटाळला किंवा त्याचे कार्ड चालेनासे झाले की डोमेन जाते आणि त्यासोबत वर्षानुवर्षांचे लिखाण जाते. इंटरनेट आर्काइव्हमध्ये जुनी पाने सापडतात. पण ती वाचता येतात, दुरुस्त करता येत नाहीत. माझे म्हणणे असे की ज्या जागा या ज्ञानावर उभ्या राहिल्या आणि आज सभासदांकडून शुल्क घेतात, त्यांनी वर्षातून एकदा एका टेबलाचे एका महिन्याचे भाडे बाजूला काढावे. आमच्या जागेत हा ठराव मंजूर झाला. एका सभासदाने ‘त्यापेक्षा नवी खुर्ची घ्या’ असे सुचवले होते आणि खुर्चीची गरजही खरी होती.

मात्र पैशापेक्षा मोठी उणीव आपल्या बाजूची आहे. दोन्ही विकींवरचा अनुभव प्रामुख्याने अमेरिका आणि युरोपचा आहे. सामायिक कार्यशाळेचा इतिहास आपल्याकडे नाही असे मुळीच नाही: शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, आणि २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेबाहेरच्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या सामायिक कार्यशाळांपैकी) एक तिथेच उभी राहिली. पण पुण्यात एखाद्या फ्लॅटमध्ये आठ टेबलांची जागा काढायची तर काय लागते, हे विचारल्यावर लोक अजूनही ओळखीच्या सीएला फोन करतात.

लिहिण्यासारखे किती आहे पाहा. लीव्ह अँड लायसन्सचा करार महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी जागामालकाची आहे, हे अनेक मालकांनाच माहीत नसते. सभासदांना जागा वापरू देण्याचा उल्लेख करारात स्पष्ट नसेल तर ते पोटभाडे आहे असे म्हणायला मालकाला वाव राहतो. घरगुती मीटरवर असा वापर चालवला तर वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते, म्हणून मीटर आधीच व्यापारी करून घ्यावा. कामगारांची संख्या ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात नोंदणीऐवजी केवळ सूचना देणे पुरते. लोक अजून त्याला गुमास्ताच म्हणतात. सभासदाला त्याच पत्त्यावर जीएसटी नोंदणी हवी असेल तर मालकाचे संमतिपत्र आणि वीजबिलाची प्रत लागते, आणि नेमके याच ठिकाणी मालक बिचकतात, कारण आपल्या जागेवर कुणी तरी हक्क सांगेल अशी त्यांना भीती वाटते. सोसायटीच्या ना-हरकतीचा विषय तर स्वतंत्र पानाचा आहे.

करार आणि वीजमीटर यांची मराठी पाने मी लिहायला घेतली आहेत आणि एका वकील मैत्रिणीने ती तपासून द्यायचे कबूल केले आहे. इन्व्हर्टरचा हिशेब आणि पावसाळ्यात इंटरनेट तुटल्यावर काय करावे, हे पुण्याबाहेरच्या कुणी लिहिले तर अधिक खरे होईल, कारण तिथे भारनियमनाचा अनुभव आमच्यापेक्षा मोठा आहे. नागपूर, कोल्हापूर, सावंतवाडी किंवा मडगावला कुणी अशी जागा चालवत असेल, आणि विशेषतः कुणी ती चालवून बंद केली असेल, तर त्यांनी महिन्याचे खरे आकडे आणि बंद करण्याची कारणे लिहावीत. बंद पडलेल्या जागांची पाने सर्वांत कमी आहेत.