मीटर म्हणालं गंज, आत निघाला मोरपंखी

मी बडोद्यात काँक्रीट टेस्टिंगचं काम करतो, म्हणजे अर्धा दिवस लॅबमध्ये ठोकळे फोडायचे आणि उरलेला अर्धा लोकांच्या बेसमेंटमध्ये ओला स्पंज भिंतीला लावत फिरायचं. गेल्या मे महिन्यात अकोट्याकडच्या एका सोसायटीतून फोन आला. चेअरमन काका मूळचे दांडिया बाजारातले, बोलायला सुरुवात मराठीत, वैतागले की गुजराती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी त्यांच्या बेसमेंटमध्ये शिरलेलं (मगर आली नाही एवढंच नशीब म्हणे), तेव्हापासून सगळ्यांना भिंतीची धास्ती. त्यात रेराप्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत स्ट्रक्चरचा दोष निघाला तर बिल्डरने फुकटात दुरुस्त करायचा असतो, आणि ती मुदत संपत आलेली. म्हणून कोणाकडून तरी टेस्ट करून घेतलेली, त्या रिपोर्टात रिटेनिंग वॉलच्या (बेसमेंटची माती अडवणारी भिंत) जवळजवळ सगळ्या जागी लाल रंग, "सळया गंजण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त". बिल्डर म्हणे खोटं आहे, सोसायटी म्हणे तोडून नवीन बांधा. मी दुसरं मत द्यायला.

या टेस्टला हाफ सेल म्हणतात. एका कोपऱ्यात सळई उघडी करून तिला वायर लावायची, दुसरी वायर मोरचुदाचं निळं पाणी भरलेल्या नळीला, ती नळी ओल्या भिंतीवर टेकवायची आणि मीटर वाचायचा. मायनस २०० मिलिव्होल्टच्या वर असेल तर बहुतेक ठीक, मायनस ३५० च्या खाली गेला की गंज धरायचा, असा हिशोब शिकवतात. मी पहिलीच जागा घेतली, मायनस ५१०. दुसरी ५३५. मग ४९०, ५६०. खरं सांगतो, दहाव्या रीडिंगला मी मनातल्या मनात रिपोर्ट लिहून टाकला होता. आधीच्या माणसाचं बरोबर दिसतंय, सही करू आणि लॅबला जाऊ.

पण एक गोष्ट खटकत होती. एवढा गंज म्हटल्यावर भिंतीला कुठेतरी सळईच्या रेषेत तडा, तांबूस ओघळ, ठोकल्यावर पोकळ आवाज, काहीतरी पाहिजे ना? हातोडीने ठोकत गेलो तर सगळीकडे टणटण. सोबत दाहोदकडचा एक म्हातारा मिस्त्री होता, तो विडी विझवून म्हणाला, "साहेब, तोडीने जोई लो ने." काका घाबरले, मी म्हटलं काका, तळहाताएवढंच फोडतो, परत भरून देतो.

ब्रेकर लावला आणि पहिला मोठा तुकडा सुटला तेव्हा आम्ही सगळेच गप्प. आतलं काँक्रीट हिरवट निळं, अगदी मोरपंखी नाही पण त्या वळणाचं, आणि किंचित सडक्या अंड्याचा वास. काका म्हणाले, "अरे, पुराचं शेवाळ आत गेलं काय रे?" आणि मधोमध सळई, काळसर, कोरडी, जिच्या आट्यांमध्ये नखाने खरवडूनसुद्धा तांबडं काही निघेना.

तो रंग बघितल्यावर माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. काँक्रीटचा मिक्स मागवला, त्यात सिमेंट ३० टक्के आणि स्लॅग ७०. स्लॅग म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी दळून केलेली पूड, तिच्यात सल्फाइड असतं, त्याचाच हा रंग आणि वास, हवा लागली की काही दिवसांत उडून जातो. हेच सल्फाइड आतल्या पाण्यात उतरून मीटरचा आकडा खाली ओढतं. शिवाय भिंतीमागे कायम ओली माती, ऑक्सिजन पोहोचतच नाही, त्यानेही आकडा अजून खाली. सळई मजेत असते आणि मीटर बोंबलत असतो. ते २०० आणि ३५० चे आकडे अमेरिकेतल्या पुलांच्या स्लॅबवरून आलेत, साध्या पोर्टलंड सिमेंटच्या. ७० टक्के स्लॅगला ते जसेच्या तसे लावायचे हा आपला आळस, आणि माझाही. एका खड्ड्यावर भरवसा नको म्हणून आणखी दोन जागी फोडलं, काँक्रीटची पूड क्लोराइडसाठी (म्हणजे सळई गंजवणारा खार) लॅबला पाठवली, फेनॉल्फ्थॅलिन मारलं, ते अल्कली असेल तिथे गुलाबी होतं. बाहेरचे ३-४ मिलिमीटर सोडले तर सगळीकडे गुलाबी, म्हणजे सळईला गंजापासून वाचवणारा अल्कलीपणा शाबूत. क्लोराइडही नगण्य आलं.

बिल्डरचा माणूस एवढा खूश झाला की सगळ्यांसाठी सेव उसळ मागवली. ती खायला वर आलो, बाल्कन्यांच्या सावलीत उभा राहिलो, सहज वर बघितलं आणि घास तोंडातच राहिला. पहिल्या मजल्याच्या बाल्कनीखाली केसासारखी बारीक तांबूस रेष, सरळ सळईच्या लाईनीत.

आधीच्या रिपोर्टात बाल्कन्या हिरव्या होत्या, मायनस १८० वगैरे. काँक्रीट त्याच मिक्सचं. शिडी लावून फोडलं तर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, जेमतेम १२ मिलिमीटर, फेनॉल्फ्थॅलिन मारलं तर सळईपर्यंत रंगच नाही, पाणी मारल्यासारखं, आणि सळईवर तांबडी पूड बोटाला लागतेय. सिमेंट कमी म्हणजे चुना कमी, त्यातलाही काही स्लॅगच वापरून टाकतो, मग हवेतला कार्बन डायऑक्साइड भराभर आत घुसून अल्कलीपणा संपवतो, आणि पाणी नीट मारलेलं नसेल तर विचारायलाच नको. असल्या काँक्रीटला आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटचं भारतीय मानक, किमान १० दिवस पाणी मारायला सांगतं, उन्हाळ्यात तर १४. मिस्त्रीने त्याच कामावर मजुरी केलेली, त्याला विचारलं तर तीन बोटं दाखवली. मीटरवर हिरवं दिसलं कारण मे महिन्यात ती जागा खडखडीत कोरडी होती, जुलैमध्ये लावला असता तर वेगळंच बोलला असता.

बिल्डरचा माणूस म्हणाला, पण रिपोर्टात ते ओके होतं ना? त्याला मी उत्तर दिलं नाही. काका शिडी धरून खाली उभे होते, वरून एक खपली पडली तशी ते दचकले आणि वॉचमनला ओरडले, "अरे, पहले मारुं स्कूटर हटाव त्यांथी!"