लॅपटॉपवरच्या पोस्टग्रेसला १२७.०.०.१ पुरे

द्राक्ष बागायतदारांच्या हिशेबाचं एक छोटं सॉफ्टवेअर मी सांभाळतो आणि त्यासाठी लॅपटॉपवर पोस्टग्रेस हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर कायम चालू असतं. लॅपटॉप सकाळी घरच्या वायफायवर, दुपारी पिंपळगावला ग्राहकाच्या ऑफिसात, संध्याकाळी फोनच्या हॉटस्पॉटवर. जागा बदलली की राउटर लॅपटॉपला नवा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) देतो. त्यामुळे 'डेटाबेस कुठल्या पत्त्यावर ठेवू?' या प्रश्नाचं उत्तर ऑफिसातल्या सर्व्हरसाठी वेगळं आणि माझ्यासाठी वेगळं: १२७.०.०.१, म्हणजेच 'लोकलहोस्ट'. हा पत्ता फक्त त्याच मशीनच्या आतून दिसतो आणि जागा बदलली तरी बदलत नाही.

पोस्टग्रेसच्या 'लिसन-अ‍ॅड्रेसेस' या सेटिंगबद्दल बऱ्याच जणांचा घोळ असतो. कोणाला आत घ्यायचं हे तिथे ठरत नाही. ते 'पीजी-एचबीए' या पोस्टग्रेसच्या प्रवेश-नियमांच्या फाइलचं काम. इथे फक्त एवढंच ठरतं, की आपल्याच मशीनच्या कुठल्या पत्त्यावर कान लावून बसायचं. तिथे नुसतं १९२.१६८.१.७ लिहून ठेवलं आणि ग्राहकाकडे तो पत्ता मिळाला नाही, तर पोस्टग्रेस सुरूच होत नाही. घरीसुद्धा वायफाय जोडलं जायच्या आधी ते उठलं तर तीच गत.

मग लोक सांगतात, '०.०.०.० टाक, कटकट मिटेल.' मिटते खरी, कारण ०.०.०.० म्हणजे मशीनचे सगळे पत्ते. पण मग हॉटेलच्या वायफायवरही पोस्टग्रेसचं ५४३२ पोर्ट, म्हणजे जोडणीचं दार, उघडं. शिवाय हा सल्ला सहसा एकटा येत नाही. सोबत पीजी-एचबीएमध्ये सगळ्यांना 'ट्रस्ट' देणारी ओळ येते. म्हणजे पासवर्डही गेला! जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर असेच उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसून खंडणी मागितली गेली. त्याच वर्षीच्या ३.६ आवृत्तीपासून मोंगोडीबी मुळातच लोकलहोस्टवर बसू लागलं. पोस्टग्रेसचं मूळ सेटिंगही लोकलहोस्टच आहे, मी त्याला हातच लावत नाही.

'पण दादा, मला तुझा डेटा बघायचाय, आयपी दे ना,' असं आमचा ज्युनिअर विचारतो. त्याला मी माझ्या लॅपटॉपवर एसएसएचचं (दुरून सुरक्षित जोडणीचं) खातं दिलंय, तेही पासवर्डवर नाही, फक्त की-फाइलवर चालणारं. त्यातून तो बोगदा (टनेल) काढतो: त्याच्याकडचं ५४३३ पोर्ट माझ्याकडच्या १२७.०.०.१:५४३२ ला जोडलेलं. डेटाबेसच्या दृष्टीने तो माझ्याच लॅपटॉपवर बसलाय. माझ्या लॅपटॉपचा पत्ता बदलला तर तो त्याच्या कमांडमध्ये बदलायचा, माझ्या सेटिंगमध्ये नाही.

डॉकरमध्ये, म्हणजे 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या डब्यात, पोस्टग्रेस चालवणाऱ्यांनी मात्र जपून. पोर्टच्या जागी '५४३२:५४३२' लिहिलं, की डॉकर ते लॅपटॉपच्या सगळ्या पत्त्यांवर उघडतं, आणि लिनक्सवर यूएफडब्ल्यू या फायरवॉलने बंद केलेलं पोर्टही त्यातून बाहेर दिसतं. फायरवॉल लावलीय म्हणून निर्धास्त असलेल्याला हे कळतही नाही. '१२७.०.०.१:५४३२:५४३२' लिहायचं. कंटेनरच्या आतलं पोस्टग्रेस सगळ्या पत्त्यांवर ऐकतं, ते तसंच असू द्या. नाहीतर कंटेनरच्या बाहेरून, म्हणजे लॅपटॉपवरूनही, जोडणीच होणार नाही.

आणि लिसन-अ‍ॅड्रेसेस बदललंच, तर नुसतं रिलोड करून (चालू पोस्टग्रेसला सेटिंग पुन्हा वाचायला लावून) भागत नाही, रीस्टार्ट लागतो.