दोन राजधान्या, चार रात्री

व्हिएन्नातले माझे दोन दिवसांचे काम संपल्यावर आईला आणि मला चार रात्री मोकळ्या मिळणार होत्या, आणि परतीचे विमान व्हिएन्नाहूनच सकाळी लवकर होते. आणखी एका मोठ्या शहरात दमछाक करून घेण्यापेक्षा एखादी छोटी राजधानी निवांत पाहावी, यावर आमचे लगेच एकमत झाले. कोणती, यावर मात्र तीन आठवडे गेले. एकीकडे स्लोव्हेनियाची ल्युब्ल्याना, दुसरीकडे स्लोव्हाकियाची ब्रातिस्लाव्हा. दोन्हीकडे युरो चालतो, दोन्हीकडे टेकडीवर किल्ला आणि पायथ्याशी जुने गाव. देशांची नावे इतकी सारखी वाटतात की फोनवर बोलताना आमचा या दोन देशांत अनेकदा घोटाळा होत असे.

निर्णय पुढे ढकलण्याची सोय नव्हती, कारण शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज ज्या देशात सर्वाधिक मुक्काम असेल त्या देशाकडे करावा लागतो, आणि दोन देशांतला मुक्काम सारखाच भरला तर ज्या देशात प्रथम प्रवेश होणार असेल त्याच्याकडे. म्हणजे शहर ठरल्याशिवाय अर्ज कुठे द्यायचा हेच ठरत नव्हते.

सुरुवातीला मी कागदावर दोन रकाने आखले आणि पाहण्यासारखी ठिकाणे लिहून काढली. या हिशेबात ल्युब्ल्याना सहज पुढे गेली. १८९५ च्या भूकंपाने हे शहर हादरले. त्यानंतरच्या उभारणीत आणि पुढे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात त्याला आजचा चेहरा मिळाला. त्यातला मोठा वाटा योझे प्लेचनिक या वास्तुरचनाकाराचा. त्याचे एकच काम मी फोटोंमधून तासन्‌तास पाहत बसलो. ल्युब्ल्यानित्सा नदीवर १८४२ चा एक दगडी पूल होता आणि तो वाहतुकीला अपुरा पडू लागला होता. प्लेचनिकने तो पाडला नाही. त्याच्या दोन्ही अंगांना पायी चालणाऱ्यांसाठी एकेक पूल जोडला, तेही किंचित तिरके, त्यामुळे तिन्ही पूल एका चौकातून पंख्यासारखे उलगडल्यासारखे दिसतात. १९३२ साली पुरे झालेले हे त्रोमोस्तोव्ये, म्हणजे तिहेरी पूल, आणि प्लेचनिकची शहरातली इतर कामे २०२१ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. शिवाय जुन्या भागात मोटारींना बंदी, किल्ल्यावर जायला रुळांवरून चढणारा डबा आणि पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर ब्लेडचे सरोवर. आईच्या गुडघ्यांचा विचार केला तर हे सारे आमच्यासाठीच केल्यासारखे होते.

ब्रातिस्लाव्हाच्या रकान्यात मी मोठ्या अक्षरांत एकच वाक्य लिहिले होते, कारण ज्याला विचारावे तो तेच सांगत होता: व्हिएन्नाहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते, एक दिवस पुरतो.

कागद आईपुढे ठेवला. तिने चष्मा लावून तो नीट वाचला आणि विचारले, "यात गाडीत बसायचे तास कुठे धरलेस?" ते मी धरलेच नव्हते. व्हिएन्नाहून ल्युब्ल्यानाला थेट रेल्वेनेही सुमारे सहा तास लागतात. वाटेत १८५४ साली सुरू झालेला सेमरिंगचा घाट लागतो, जो मला एकट्याला हवाहवासा होता, पण तासभर बसल्यावर आईचे गुडघे आखडतात. जाण्यायेण्याचे बारा तास वजा केले आणि सकाळच्या विमानासाठी शेवटची रात्र व्हिएन्नात काढणे भाग आहे हे लक्षात घेतले, तेव्हा चारच्या तीन रात्री उरल्या आणि ब्लेडही त्यातच बसवायचे होते. याउलट ब्रातिस्लाव्हा रेल्वेने तासाभरावर, आणि व्हिएन्नाचा विमानतळ शहराच्या पूर्वेला, म्हणजे नेमका ब्रातिस्लाव्हाच्या वाटेवर, त्यामुळे चारही रात्री तिथेच राहून परस्पर विमान गाठता येणार होते.

"पण तिथे एक दिवस पुरतो म्हणतात," मी म्हणालो.

"म्हणणारे संध्याकाळी किती वाजता परततात, ते विचार त्यांना."

मी कुणाला विचारले नाही; अर्ज स्लोव्हाकियाकडे केला. व्हिएन्ना दोन रात्री, ब्रातिस्लाव्हा चार, त्यामुळे मुख्य मुक्कामाबद्दल शंकाच उरली नाही. ल्युब्ल्याना घेतली असती तर दोन्हीकडे तीन-तीन रात्री भरल्या असत्या आणि अर्ज ऑस्ट्रियाकडे गेला असता.

पोहोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी सेंट मार्टिनच्या कॅथीड्रलकडे गेलो. १५६३ ते १८३० या काळात हंगेरीच्या राजांचे राज्याभिषेक इथे होत, मारिया थेरेसाचाही १७४१ साली इथेच झाला. मनोऱ्याच्या टोकावर आजही मुकुटाची सोनेरी प्रतिकृती आहे. आणि त्याच भिंतीला जवळजवळ खेटून चारपदरी रस्ता धडधडत डॅन्यूबवरच्या पुलाकडे जातो. १९७२ च्या या पुलासाठी आणि त्याच्या रस्त्यासाठी जुन्या ज्यू वस्तीचा मोठा भाग पाडला गेला, त्यात १९६९ साली एक सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळही गेले. पूल देखणा आहे, एकाच मनोऱ्याला तारांनी तोललेला. त्या मनोऱ्याच्या डोक्यावर लिफ्टने गेलो तेव्हा एका बाजूला किल्ला आणि कौलारू गाव, दुसऱ्या बाजूला पेत्रझाल्काच्या सिमेंटच्या इमारतींच्या रांगा दिसल्या. तरीही मला राहून राहून त्रोमोस्तोव्ये आठवत होता, हे कबूल केले पाहिजे.

खाली उतरून कॅथीड्रलजवळच्या छोट्या चौकात आलो. सिनेगॉग होते तिथे आता काळ्या दगडाची भिंत आहे आणि तिच्यावर त्या इमारतीची आकृती कोरलेली आहे. दिवसभराच्या सहलींचे जथे परत गेले होते. आई भिंतीजवळ गेली, एका रेघेवरून बोट फिरवीत घुमटापर्यंत पोहोचली आणि म्हणाली, "उद्या उजेडात पुन्हा येऊ."