तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रेन सिम्युलेटरची सुरुवात ब्रेकपासून

कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून आलेल्या मुलाचे आईबाबा असोत, नाहीतर रोज लोणावळा लोकलने चिंचवडला उतरणारा कुणी असो, प्रश्न ठरलेला असतो: ट्रेन सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर रेल्वे चालवण्याचा खेळ, शिकायचाय, कुठून सुरू करू? आणि लगेच पुढचा: त्यात खंडाळ्याचा घाट मिळेल का?

घाट शेवटी. आधी सपाट मार्ग, एकच इंजिन, सहा-आठ डबे, आणि ठरवलेल्या खांबापाशी गाडी उभी करणं. वेग कुणालाही पहिल्या दहा मिनिटांत वाढवता येतो. पहिला महिना जातो तो थांबवण्यात, आणि जायलाच हवा.

कोणता सिम्युलेटर घ्यायचा यावर फार दिवस घालवू नका. ट्रेन सिम वर्ल्ड दिसायला देखणा आहे, पण त्याला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि त्यातले मार्ग एकेक करून विकत घेताना खर्च वाढत जातो. मोबाइलवरचे खेळ गंमत म्हणून ठीक, पण ब्रेक कसा लागतो हे त्यांतून हाताला कळत नाही. माझा सल्ला ओपन रेल्सचा. तो मोफत आहे, घरातल्या साध्या विंडोज संगणकावर चालतो, आणि 2001 साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरसाठी बनवलेले मार्ग आणि गाड्या त्यात चालतात. लीव्हरचा कन्सोल आत्ता घेऊ नका, कीबोर्ड पुरतो.

इन्स्टॉल करताना एक चूक हमखास होते. मार्गाची झिप फाइल उघडली की फोल्डरच्या आत पुन्हा त्याच नावाचा फोल्डर तयार होतो, आणि मग यादीत मार्ग दिसतच नाही. मुख्य फोल्डर उघडल्यावर ग्लोबल, रूट्स, साउंड आणि ट्रेन्स हे चार समोर दिसले पाहिजेत. हा मुख्य फोल्डर प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवू नका, तिथे विंडोज परवानग्यांवरून अडवतं. सरळ डी ड्राइव्हवर ठेवा. मार्ग अर्ध्यात बंद पडला तर ओपन रेल्सची लॉग फाइल उघडा. कोणतं इंजिन किंवा कोणता डबा सापडला नाही, ते तिच्यात लिहिलेलं असतं. हौशी लोकांनी बनवलेल्या भारतीय मार्गांत हे फार होतं, कारण एका मार्गाला चार ठिकाणांहून डबे जमवावे लागतात. म्हणून पहिला मार्ग भारतीय नको. ब्रिटिश मार्ग आपल्याला लवकर उमगतो: गाड्या डावीकडून धावतात आणि सिग्नलची भाषाही जवळची. एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीत राहा, दोन पिवळे म्हणजे त्याच्या एक सिग्नल आधीची सूचना. अमेरिकन सिग्नल मात्र वेगळे शिकावे लागतात.

ऑप्शन्समध्ये तीन गोष्टी बदलून घ्या. दाबाचं एकक किलो प्रति चौरस सेंटिमीटर करा, म्हणजे आपल्या रेल्वेचे आकडे डोक्यात बसतील. कपलर, म्हणजे डब्यांमधली जोडणी, तुटण्याचा पर्याय पहिले दोन आठवडे बंद ठेवा. तिसरी गोष्ट, ग्रॅज्युएटेड रिलीज, तिच्याकडे पुढे येतो.

आता गाडी हलवू. एक्स्प्लोर रूट निवडा, म्हणजे वेळापत्रकाचं दडपण नाही. एफ 1 ला बटणांची यादी, एफ 4 ला पुढचा सिग्नल आणि वेगमर्यादा, एफ 5 ला दाबाचे आकडे. डब्ल्यूने रिव्हर्सर, म्हणजे गाडीची दिशा ठरवणारा दांडा, पुढे घ्या. अर्धविरामाच्या बटणाने गाडीचा ब्रेक सोडा, डाव्या चौकोनी कंसाने इंजिनाचा ब्रेक सोडा. मग थांबा. ब्रेक पाइपचा, म्हणजे सगळ्या डब्यांतून जाणाऱ्या हवेच्या नळीचा, दाब वर चढू द्या, आपल्याकडच्या गाड्यांत तो 5 किलो असतो. तो भरल्यावरच डी दाबून एक नॉच, म्हणजे इंजिनाच्या ताकदीची एक पायरी, द्या. गाडी हलली नाही म्हणून नॉचवर नॉच देत सुटू नका. हँडब्रेक लागलेला आहे का बघा, विजेचं इंजिन असेल तर पी दाबून पँटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा) वर केलाय का बघा. मालगाडी असेल तर सगळ्या कपलिंगांची ढील निघेपर्यंत पहिल्याच नॉचवर राहा.

आणि केबिनमध्येच बसा, म्हणजे 1 नंबरचा कॅमेरा. बाहेरून गाडी छान दिसते, पण अंतराचा अंदाज चुकतो.

ब्रेकचं थोडं सविस्तर सांगतो, कारण नव्या माणसाचा सगळा गोंधळ इथेच होतो. एअर ब्रेकमध्ये पाइपमधला दाब कमी केला की ब्रेक लागतो. अवतरणचिन्हाचं बटण दाबलं की काटा 5 वरून 4.5 वर येतो आणि हवा सुटल्याचा आवाज येतो, पण गाडी तशीच पळत राहते. दाब उतरल्याची खबर मागच्या डब्यापर्यंत जायला वेळ लागतो, आणि प्रत्येक डब्याचा ब्रेक सिलिंडर, म्हणजे हवेच्या जोराने ब्रेक दाबणारा भाग, भरायलाही. प्रवासी गाडीत पूर्ण ब्रेकला सिलिंडर 3 ते 5 सेकंदांत भरतो, मालगाडीत 18 ते 30 सेकंद लागतात. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण 17 मीटर. 20 सेकंद धरले तर पूर्ण ब्रेक लागेपर्यंत मालगाडी तीनशे मीटर पुढे गेलेली असते. हे माहीत नसलं की माणूस घाबरून आणखी ब्रेक लावतो, आणि गाडी प्लॅटफॉर्मच्या अलीकडेच उभी राहते.

मग तो ब्रेक सोडू बघतो, तिथे ग्रॅज्युएटेड रिलीज येतं. आपल्या आणि युरोपातल्या गाड्यांत लावलेला ब्रेक थोडा थोडा सोडता येतो. अमेरिकन पद्धतीत सोडायला लागलात की पूर्णच सुटतो, आणि लगेच पुन्हा लावायला गेलात तर डब्याच्या ब्रेकच्या टाकीत हवा पुरेशी भरलेली नसते, त्यामुळे जोर कमी पडतो. असं दोन-तीनदा केलं की ब्रेक उरतच नाही. म्हणून आपल्याकडची किंवा युरोपातली गाडी घेताना तो पर्याय चालू करा, अमेरिकन घेताना बंद.

सराव असा करा. ताशी 40 वर या, नॉच शून्य करा, एखाद्या खांबापाशी दाब अर्धा किलो उतरवा आणि गाडी किती मीटरवर थांबली ते वहीत लिहा. मग हेच 60 ला, मग 80 ला. वेग दुप्पट झाला की अंतर जवळजवळ चौपट होतं: 40 ला सव्वाशे मीटर लागले असतील तर 80 ला पाचशेच्या आसपास. ही वही प्रत्येक गाडीसाठी वेगळी ठेवा. अंतर जमायला लागलं की शेवटचा धक्का घालवा: थांबायच्या जरा आधी ब्रेक थोडा हलका करायचा. लोणावळा लोकलमध्ये बसाल तेव्हा कासारवाडी, आकुर्डीला गाडी उभी राहताना त्याकडे लक्ष द्या. फक्त लोकलचे ब्रेक विजेच्या इशाऱ्यावर सगळ्या डब्यांत एकदम लागतात, म्हणून इंजिनवाल्या गाडीपेक्षा ती खूपच लवकर ऐकते. तीच मोजपट्टी एक्सप्रेसला लावू नका.

वहीतले आकडे न बघता सलग दहा स्टेशनांवर नीट थांबायला लागलात की घाटाकडे वळा. कर्जत–लोणावळा घाटाचा चढ 37 ला 1 आहे. 1,200 टनांचे डबे आणि 123 टनांचं डब्ल्यूएपी-7 इंजिन धरलं तर नुसत्या चढासाठीच जवळपास 36 टनांची ओढ लागते, आणि या इंजिनाची सुरुवातीची ओढ साधारण 33 टन. एकटं इंजिन तिथून गाडी हलवूच शकत नाही. कर्जतला मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं, लागतात ते यासाठी. सिम्युलेटरमध्येही मागे इंजिनं जोडल्याशिवाय चढू नका, चाकं घसरत राहतील.

उतरताना तर जास्तच जपायचं. वेग धरून ठेवायचं काम इंजिनाच्या डायनॅमिक ब्रेककडे (इंजिनाच्या मोटरींनीच वेग रोखणाऱ्या ब्रेककडे) द्या आणि एअर ब्रेक वरच्या दुरुस्तीपुरता वापरा. नुसत्या एअर ब्रेकवर लावत-सोडत उतरलात तर पाइप भरायला वेळच मिळत नाही, आणि निम्म्या घाटात गाडी हाताबाहेर जाते. खऱ्या घाटात सुटलेल्या गाडीसाठी कॅच सायडिंग, म्हणजे तिला वळवून थांबवणारे बाजूचे रूळ, बांधलेली आहेत, तुमच्या मार्गात ती असतीलच असं नाही. म्हणून लोणावळ्याहून निघताना एकदा ब्रेक लावून तपासा, पूर्ण सोडा, काटा पुन्हा 5 वर येऊन स्थिर झाला की मगच उताराला लागा.